पेशकारांचं रीळ

टेंभुर्णीच्या बाजारात एखादा साठीचा गृहस्थ काळा कोट घालून चालला आहे आणि त्याच्या खिशातून रंगीबेरंगी लोकरीची दोरी गुडघ्यापर्यंत लोंबते आहे, असं दिसलं तर त्याला वेडा समजू नये. वेड्याला रस्ता दिला की भागतं. हे आमचे शेजारी अंबादासराव पेशकार. यांच्यासाठी थांबून दोरी बघावी लागते.

निजामाच्या अमदानीत ते तहसील कचेरीत पेशकार होते. म्हणजे साहेबापुढे कागद ठेवायचे आणि साहेबापुढचे कागद उचलायचे. तीस वर्षं त्यांनी एवढंच केलं. निजाम गेला, कचेरीतली उर्दू गेली, पेशकारांची खुर्चीही गेली, पण कचेरी काही त्यांच्या अंगातून गेली नाही. फाइलीला ते अजून मिसल म्हणतात आणि जगातली प्रत्येक गोष्ट त्यांच्या लेखी मिसलच असते. शेजारच्या म्हशीचं आजारपण ही मिसल, माझं लग्न ही मिसल. "मास्तर, मिसल उघडली का बाकायदा बंद झाली पाहिजे," हे वाक्य मी रोज निदान चार वेळा ऐकतो. मी शाळेत कवायत शिकवतो, त्यामुळे ओरडणाऱ्या माणसांची मला सवय आहे. हळू आवाजात तेच तेच बोलणाऱ्यापुढे मात्र माझा नाइलाज होतो.

दिवाळीला त्यांची एकुलती एक लेक कमल परभणीहून आली. तिला दिवस गेले होते. पेशकारीणबाईंना जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात दुसरं कुणी नाही. पेशकार दिवसभर लेकीच्या मागे. पाणी पी, उन्हात बसू नको, पायरी उतरू नको. शेवटी वैतागून तिनं शिंप्याकडून दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ आणलं, त्याच्या डोक्यावर चार बारीक खिळे ठोकले, आपल्या केसांतला एक आकडा काढला आणि सगळं वडिलांच्या हातात दिलं. "बाबा, बाळाच्या टोपड्याला नाड्या लागतील. विणा."

काम असं, की चार खिळ्यांना लोकरीचे चार फास. वरून एक वेढा घ्यायचा आणि आकड्यानं खालचा फास उचलून खिळ्यावरून आत टाकायचा. रिळाच्या भोकातून खाली दोरी उतरत जाते. आमच्या दुसरीतल्या मुली हे एका दुपारी शिकतात.

कमलनं सुरुवात दाखवली आणि तिची परत जायची वेळ झाली. दोरी बंद कशी करायची ते राहून गेलं. मोटारीत बसताना ती म्हणाली, "बाळंतपणाला येईन तवा दाखवते. तवर विणत राहा."

पेशकारांना नुसतं विणायला जमायला पुढे अकरा दिवस लागले. ते कधी खालच्याऐवजी वरचा फास उचलायचे, की सगळी वीण उकलायची. कधी लोकर एवढी आवळायचे की आकडा आत शिरायचा नाही. स्वतःचं चुकतंय हे मान्य करणं कचेरीत शिकवत नसावेत. त्यांनी "रीळ सदोष हाये" असा शेरा मारला आणि शिंप्याला तीन वेळा रीळ बदलायला लावलं. बाराव्या दिवशी बोटभर वाकडीतिकडी दोरी निघाली, ती साऱ्या आळीला बघावी लागली.

"बघा मास्तर, चारी बाजू बराबर. जल्दी करायची न्हाई, हेच्यातलं तेच कसब हाये."

छान आहे, असं मी म्हणालो. ही माझी चूक. माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघून ते म्हणाले, "सुतळी शोभून न्हाई राह्यली तुम्हाला. सव्वीस जानेवारीला माझी दोरी घाला."

सव्वीस जानेवारी आली. दोरी तोवर बारा हात झाली होती आणि माझी शिट्टी सुतळीवरच होती. कारण दोरी रिळावरून सुटल्याशिवाय तुकडा द्यायचा कसा? माझी बायको म्हणाली, "काका, बंद करणं सोपं हाये, दाखवते." पेशकारांनी चक्क कानांवर हात ठेवले.

"बिलकुल न्हाई, सूनबाई. ज्यानं मिसल उघडली त्यानंच बंद करायची. कायदा हाये."

एका मिनिटाच्या कामासाठी हा माणूस पाच महिने लेकीची वाट बघणार होता. दरम्यान दोरी वाढतच होती. भजनात टाळांच्या ठेक्यावर ते फास उचलायचे आणि ठेका चुकला की भजनकऱ्यांकडे रागानं बघायचे. एकदा आठवडी बाजारात एका शेळीनं दोरीचं टोक चघळलं, तर यांनी शेळीवाल्याला उन्हात उभं करून पंचनामा लिहिला. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

माघात त्यांनी माजघराला चुना दिला. डिंक, खोबरं, बाळंतशेपा डब्यांत भरून डब्यांवर उर्दूत चिठ्ठ्या लावल्या, त्या वाचता येणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. सुईणीला तर इतक्यांदा बोलावून प्रश्न विचारले की ती यांना बघून गल्ली बदलायला लागली. सातव्या महिन्यात लेकीला आणायचं ठरलं होतं. मोटारीच्या वेळासुद्धा विचारून ठेवल्या होत्या.

फाल्गुनात परभणीहून व्याह्यांचं पत्र आलं. पेशकारांनी ते माझ्या हातात दिलं. 'आपले घरी बाईमाणूस नाही, सबब बाळंतपण इकडेच करण्याचे योजिले आहे. राग नसावा.'

मी पत्र परत दिलं.

"अक्षर चांगलं हाये," पेशकार म्हणाले आणि पत्राची घडी घातली.

दोन दिवस ते बाजारात दिसले नाहीत. मला जरा बरंच वाटलं, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले. अंगात कोट, हातात रीळ, दोरीचं भेंडोळं काखेत. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"सूनबाई, एवढी मिसल बंद करून द्या."

बायकोनं निवडायची भाजी बाजूला सारली. "बसा काका. दाखवते."

"दाखवायचं न्हाई. मला येतं." ते ओट्यावर बसले. "लोकर तोडायची, चारी फासांतून ओवायची अन् ओढायची. शिंप्यानं दिवाळीतच सांगितल्तं. मी समदं ऐकून घेतलं. पण माझा हात उचलत न्हाई."

पाच महिने ज्याला मी ढ म्हणून हसत होतो, त्याला दोरी बंद कशी करायची ते दिवाळीपासून ठाऊक होतं. मला स्वतःची लाज वाटली.

बायकोनं रिळाला हात लावला नाही. तिनं भेंडोळं सोडलं आणि दोरीचं दुसरं टोक शोधून काढलं, अगदी सुरुवातीचं, गाठाळ. "बाळाच्या नाड्यांना लागतं किती, काका? दोन-दोन वीत. ते मी खालून कापते अन् टोकं शिवून देते. रिळावरचं चालू राहू द्या. कमलताई पुढं बाळ घेऊन येतील, तवा त्या बंद करतील. अन् बाईमाणसाचं म्हणाल तर मी हाये की भिंतीपलीकडं."

"ते टोक वाकडं हाये. शिकतानाचं."

"तेच धाडू. कुणाच्या हातचं हाये ते कळंल कमलताईंना."

पेशकारांनी ते वाकडं टोक बोटांत धरून उलटसुलट केलं. मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मास्तर, हे कायद्यात बसतं का?"

"बसतं," मी म्हणालो.

नाड्या दुसऱ्या दिवशी टपालानं परभणीला गेल्या. त्याच संध्याकाळी बाजारात पेशकारांनी मला गाठलं. खिशातून दोरी लोंबत होती आणि ती मला नेहमीसारखी थांबून बघावी लागली.

"मास्तर, तुमच्या शिट्टीचं माझ्या ध्यानात हाये बरं. कमल आली का मंग..."

मी गळ्यातली सुतळी सदऱ्याच्या आत सारली.

"जल्दी न्हाई, पेशकारसाहेब," मी म्हणालो.