एक ते तीन आणि थोरला डबा

रविवारी दुपारी एक ते तीन उत्कर्षा झोपणार होती!

या वाक्याला उद्गारचिन्ह कशाला, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांच्या घरात नऊ महिन्यांचं मूल नाही, असं खुशाल समजावं. शंभू झाल्यापासून उत्कर्षाला सलग दोन तास झोप मिळाली नव्हती. मिळायची ती तुकड्यातुकड्यांनी, शिंप्याकडच्या चिंध्यांसारखी. वीस मिनिटं इथं, दहा मिनिटं तिथं. त्या चिंध्या जोडून एक अख्खी गोधडी शिवायचा बेत तिने बुधवारीच आखला होता. साडेअकराला शंभूची अंघोळ, बाराला मऊ भात, साडेबाराला घरातल्या सगळ्या फोनांची तोंडं बंद. आणि मुख्य म्हणजे नवऱ्याकडून शब्द.

"एक ते तीन शंभू तुझा," तिने रोहितला बजावलं. "घराला आग लागली तरच उठव. तीही मोठी असेल तर."

"अगं, झोप तू निवांत! मी आहे ना!"

त्या 'मी आहे ना'नंतर आजवर जे जे घडलं होतं, ते सगळं उत्कर्षाला आठवत होतं. पण झोप इतकी आली होती की तिने त्यावरही विश्वास ठेवला.

रोहितने जे सांगितलं नव्हतं ते असं. मोबाइलवर त्याचा आवाजवेड्या लोकांचा एक ग्रुप होता. त्या ग्रुपात स्पीकरचा एक संच घरोघर फिरे. प्रत्येक घरी चार दिवस मुक्काम, मग त्या घरच्याने 'श्रवणानुभव' लिहायचा आणि संच पुढच्याच्या हवाली करायचा. गुरुवारी तो लवळ्यात रोहितकडे आला. लोटीएवढे दोन चिमुकले सॅटेलाइट स्पीकर आणि बेस, म्हणजे जाड आवाज काढणारा, धान्याच्या डब्याएवढा एक काळा सबवूफर. तेव्हापासून तो पलंगाखालीच होता, कारण शंभू एकतर झोपलेला असे, नाहीतर झोपायला आलेला असे, नाहीतर अवेळी उठवल्यामुळे भोकाड पसरून बसलेला असे. आणि आज चार वाजता कोळवणहून दादासाहेब जीप घेऊन संच न्यायला येणार होते!

दादासाहेब म्हणजे ग्रुपातले सगळ्यात तिखट कानांचे सद्गृहस्थ. निवृत्तीनंतर भातखाचरांच्या कडेला घर बांधून दिवसभर फक्त ऐकत बसत. मागे एकाने नुसतं 'आवाज छान आहे' असं लिहिलं, तर यांनी विचारलं, 'कुठे छान आहे? किती छान आहे? कुणाच्या मानाने छान आहे?' तो माणूस त्या संध्याकाळीच ग्रुप सोडून गेला.

त्यामुळे एक वाजून दोन मिनिटांनी उत्कर्षाने आतल्या खोलीचं दार लोटून डोक्यावर उशी घेतली, आणि एक वाजून तीन मिनिटांनी रोहितने पलंगाखालचा डबा ओढून बाहेरच्या खोलीत नेला. "अगदी हळू आवाजात हं," तो पुटपुटला. उशीखालून आलेलं उत्तर त्याने होकार धरलं.

आता सबवूफर खोलीत कुठे ठेवायचा, हे ठरवायची एक रीत आहे. आधी तो आपल्या बसायच्या जागी, खुर्चीवर ठेवायचा. त्यातून एकसारखा घुम्म आवाज सोडायचा. मग आपण जमिनीवर रांगत रांगत, कान फरशीजवळ नेत, तो कुठे नीट ऐकू येतो ते शोधायचं. सापडली जागा की डबा उचलून तिथे ठेवायचा. रोहितला ही रीत भलतीच सोयीची वाटली. रांगायचं तर शंभूलाही होतंच! बाप पुढे, लेक मागे, अशी वरात निघाली.

रोहितला वर आवाज माफकच वाटत होता. पण जाड आवाजाची जात अशी, की तो जिथे काढाल तिथे थांबत नाही. तो स्लॅबमधून सरळ खाली उतरला. खाली घरमालक राहत, नाथाबापू आणि कोंडामावशी. चार शेळ्यांचं करून, भाकरी खाऊन, मावशी नुकत्याच कलंडल्या होत्या. मांडणीवरची पितळी भांडी अचानक किणकिणायला लागली.

"उत्कर्षेऽऽ! अगं, मोटार चालू ऱ्हायली काय? बोरला पानी न्हाई, जळंल ती!"

झोपेच्या पहिल्या पायरीवरून उत्कर्षा खाली घसरली. गॅलरीत येऊन म्हणाली, "नाही हो मावशी, आज आम्ही मोटार लावलीच नाही."

"मग घुमतंय काय?"

"काय माहीत," असं झोपेतच म्हणून ती परत येऊन आडवी झाली. एक वाजून चौदा मिनिटं. अजून पावणेदोन तास होते. चालेल.

खाली बापूंनी जाऊन मोटरीचं लाल बटण दाबलं. घुम्म चालूच. पुन्हा दाबलं. चालूच! मग बापूंनी सरळ घराचा फ्यूजच उपसला. वरचा पंखा थांबला, आणि घुम्मही थांबला.

"बघ! मोटारच व्हती!" बापू म्हणाले.

फ्यूज परत बसवला. वर रोहितला वाटलं, वीज आली. त्याने पुन्हा आवाज सोडला. घुम्म! बापूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. फ्यूज काढला. गप्प. बसवला. घुम्म! असं तीनदा झालं, तीनदा पंखा थांबला आणि तीनदा उत्कर्षा घामाने जागी झाली. बापूंचं मात्र पक्कं ठरलं. बटण बंद असून मोटर चालतेय, म्हणजे तारा आत कुठेतरी एकमेकींना चिकटल्यात!

अंगणात उभं राहून त्यांनी अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "नळाला कुनी हात लावू नगासा! पान्यात करंट आलाय!"

आता मात्र उत्कर्षा ताडकन उठली. पाण्यात करंट! आणि शंभू? तिने धावत जाऊन पायात रबरी स्लिपर घातल्या, न्हाणीघराला बाहेरून कडी घातली, पाण्याचा माठ ओट्यावर मागे सरकवला, आणि स्टीलच्या वाट्या कशाला बाहेर म्हणून त्याही उचलल्या. हे सगळं अर्ध्या मिनिटात करून ती वाट्यांसकट बाहेरच्या खोलीत पोचली, तेव्हा तिच्याआधी कोंडामावशी दारात पोचल्या होत्या.

मावशींना जे दिसलं ते असं. जावयासारखा शिकला-सवरलेला भाडेकरू गुडघ्यांवर, बूड वर, कान फरशीला. त्याच्या मागे त्याचं पोरगं, तसंच. मावशींच्या चेहऱ्यावर एकदम समाधान पसरलं.

"तुमाला बी आला व्हय आवाज?"

रोहितने मान वर केली. लग्नानंतर त्याच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी आपणहून बेसचा विषय काढला होता!

"आला म्हणजे काय, मावशी! त्या कोपऱ्यात जास्त आहे. खिडकीखाली मात्र पार गायब."

"आमच्याकडं बी कोपऱ्यातच लई हाय! मांडणीपाशी तर भांडी नाचत्यात."

"भांडी नाचतात? खरंच? व्वा!"

"व्वा काय व्वा? हिकडं सरका, मला बघू द्या." आणि मावशी पदर खोचून गुडघ्यांवर बसल्या आणि फरशीला कान लावला. "हितं हाय. न्हाई, तितं जास्ती."

"मी पण तेच म्हणतोय! थोडं डावीकडे घ्या, मावशी."

तेवढ्यात दातांत टेस्टर धरून नाथाबापू वर आले. "कुटं हाय?" त्यांनी विचारलं. दोघांनी कोपऱ्याकडे बोट केलं. बापूही खाली बसले आणि एकेका फरशीला टेस्टर लावू लागले.

एक वाजून छत्तीस मिनिटं. उत्कर्षा चार वाट्या छातीशी धरून उभी होती. पुढ्यात तीन मोठी माणसं आणि एक लहान, चौघं चारी दिशांना तोंडं करून रांगत होते. तिच्या मनात एकच विचार आला. यातल्या कुणाला तरी उठवावं आणि त्याच्या जागी आपण आडवं व्हावं.

ती खुर्चीपाशी गेली आणि डब्याचं बटण बंद केलं.

तिन्ही माना एकदम वर आल्या.

"थांबली मोटार!" बापू म्हणाले.

"गेला आवाज!" मावशी म्हणाल्या.

"अगं, बंद का केलास?" रोहित म्हणाला.

बापूंनी रोहितकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, हातातल्या टेस्टरकडे बघितलं.

"म्हंजी मी तीन डाव फ्यूज उपसला तो ह्याच्यापायी?"

"आन् माझा लागलेला डोळा उघडला तो ह्याच्यापायी!" मावशी म्हणाल्या. उत्कर्षाला एकदम भरून आलं. जगात दुपारच्या झोपेला मुकलेली आपण एकटीच नाही, हे कळणंही थोडं विश्रांतीसारखंच असतं.

"सॉरी बापू, सॉरी मावशी," रोहित अजून गुडघ्यांवरच होता. "चार वाजता हे परत द्यायचंय, आणि ऐकून लिहायचंय काहीतरी."

"ऐकायचं म्हंजी? नुसतं घुम्म?" बापूंनी ऐसपैस मांडी घातली. "उठिवलंच हायसा तर गानं तरी लावा."

उत्कर्षाने शंभूकडे बघितलं. शंभू मजेत होता. तिने वाट्या ठेवल्या, स्लिपर काढल्या, आतल्या खोलीत गेली, दार लोटलं, उशी घेतली. एक वाजून पंचेचाळीस. सव्वा तास. चालेल.

बाहेर रोहितने डबा खुर्चीवरून कोपऱ्यात नेला आणि गाणं लागलं.

"रोहित," उशीखालून आवाज आला, "गाणाऱ्याला सर्दी झालीय."

"काय?"

"वर गळा आहे, खाली पोट आहे. मधला माणूसच नाही!"

रोहितने घाईघाईने डब्यामागची एक खुंटी पिळली. "आता?"

"आता आला. पण ढोलकी शेजारच्या घरात वाजतेय."

त्याने डबा कोपऱ्यातून वीतभर पुढे ओढला. "आता?"

"आता आले सगळे एका खोलीत. झोपू मी?"

रोहित बंद दाराकडे बघतच राहिला. नऊ महिने भिंतीपलीकडून मुलाचा श्वास मोजणाऱ्या बाईचे कान कसे झालेले असतात, हे ग्रुपातल्या कुणी कधी लिहिलं नव्हतं.

मावशींचं वेगळंच चाललं होतं. रोहितने थोरला डबा घटकाभर बंद करून दाखवला, तशी त्या म्हणाल्या, "नगं, लावा त्यो. बारकी बोलत्यात आन् थोरला नुसता हुं हुं करतुया, आमच्या सासऱ्यावानी. पर गप झाला की घर वसाड वाटतंया."

आणि मग ते घडलं. शंभू रांगत रांगत थोरल्या डब्यापाशी गेला, त्याला पाठ टेकून बसला, दोनदा डुलला आणि झोपला! कडेवर नाही, पाळणा नाही, अंगाई नाही. नुसता झोपला!

रोहितने श्वास रोखला. दार किलकिलं करून उत्कर्षा आली, कारण शंभूचा आवाज थांबला होता. तिने आधी डब्याचा आवाज पाव केला, मग डबा आणि शंभूची पाठ यांत दुपटं सारलं, मग शंभूला अलगद आडवं केलं. कुणी हललं नाही. हळूहळू मावशींची मान भिंतीला टेकली. बापू चटईवर कलंडले. "मी आहे ना, तू जा," असं कुजबुजत रोहितने लेकाशेजारी डोकं टेकलं आणि दुसऱ्या मिनिटाला तोही घोरायला लागला.

दोन वाजून दहा मिनिटं. मूल झोपलेलं. घर शांत. पन्नास मिनिटं शिल्लक!

उत्कर्षा पलंगावर आडवी झाली. डोळे मिटले. आणि उघडले. त्या मंद हुंकारात शंभूचा श्वास ऐकू येत नव्हता.

डबा बंद करावा, तर शंभू उठेल. चालू ठेवावा, तर श्वास ऐकू येणार नाही. तिने दोनदा कूस बदलली. मग निमूट उठून बाहेर आली, शंभूशेजारी बसली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ वर, पाठ खाली. ठीक होतं. पण आता हात काढवेना.

दुसऱ्या हाताने तिने रोहितचा मोबाइल घेतला. श्रवणानुभवाची जागा कोरीच होती. कुणीतरी लिहायलाच हवं होतं. तिने अंगठ्याने लिहिलं:

'सॅटेलाइट लहान, पण शब्द स्वच्छ. सबवूफर कोपऱ्यापासून वीतभर पुढे ठेवल्यास गाणारा अख्खा दिसतो. आवाज पाव ठेवला असता मूल झोपून राहिलं, वडील झोपले, घरमालक व मालकीणबाई झोपल्या. दोष: हा चालू असताना बाळाचा श्वास ऐकू येत नाही.'

पावणेतीनला खाली जीप वाजली. चारचे दादासाहेब सव्वा तास आधीच आले होते! उत्कर्षा गॅलरीत धावली आणि ओठांवर बोट ठेवून अशा नजरेने बघितलं, की ते चपला हातात घेऊन जिना चढले. खोलीत पसरलेली माणसं बघून त्यांनी भुवया उंचावल्या. तिने मोबाइल पुढे केला. त्यांनी वाचलं. दोनदा वाचलं.

"हे रोहितने लिहिलं नाही," ते कुजबुजले.

"नाही. मी."

"तुम्ही पूर्ण ऐकलंत?"

"मी एकटीच जागी होते," उत्कर्षा म्हणाली.

दादासाहेबांनी आदराने मान डोलावली. "मग मी जरा टेकतो. यांना उठू दे." असं म्हणून ते खुर्चीत बसले, जाणकारासारखे डोळे मिटून ऐकू लागले, आणि ऐकता ऐकता त्यांची हनुवटी छातीवर आली.

उत्कर्षाने मोबाइल पुन्हा उघडला आणि झोपलेल्यांच्या यादीत एक नाव वाढवलं. तेवढ्यात तीन वाजले, आणि शंभूने डोळे उघडले.

अगदी टवटवीत होता. त्याची झोप पूर्ण झाली होती!