शिंप्याची रंगपरीक्षा

डोळे तपासण्याचा कोर्स करणाऱ्या लेकीने जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडला आणि म्हणाली, "बाबा, पाच मिनिटं बसा. माझा प्रोजेक्ट आहे. या रंगीत ठिपक्यांत जो आकडा दिसेल तो सांगायचा."

बाबा शिंपी. पंचवीस वर्षं गावभराचे कपडे शिवलेले, त्यामुळे रंगांच्या बाबतीत ते कुणाचं काही ऐकून घेत नसत. त्यांनी चष्मा पुसला. "ठिपकेच आहेत. आकडा टाकायला विसरलीस तू."

लेकीने उजेड वाढवला, स्क्रीन पुसली, खिडकी लावली. ठिपके ठिपकेच राहिले. कॉम्प्युटर बिघडलाय, असा निकाल देऊन बाबांनी पॅंट न्यायला आलेल्या पोस्टमनला साक्षीला बसवलं.

"चौऱ्याहत्तर," पोस्टमन म्हणाला.

शेजारच्या काकूही डोकावून म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर." मग बाबांनाही लख्ख दिसू लागलं. "चौऱ्याहत्तरच की. मघाशी चष्मा नीट नव्हता."

लेकीने तोवर गुपचूप पुढचं चित्र लावलं होतं. "बाबा, हे सहा आहे."

पोस्टमनला हसू आवरेना. बाबांचा चेहरा मात्र उतरला. दुकानात शाळेच्या तीनशे गणवेशांचं कापड येऊन पडलं होतं, हिरवं आणि तपकिरी. ते उठून शाळेला फोन लावू लागले. "ऑर्डर परत करतो. रंग कळत नाही त्याने शिवू नये."

आईने फोन काढून घेतला. "तुम्हाला कधी कळत होता? लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझ्या वडिलांची तपकिरी पॅंट हिरव्या दोऱ्याने शिवलीत. तेव्हापासून रोज मशीनवर रीळ मीच लावून ठेवते."

"मला वाटायचं, तुला हौस आहे."

"हौसच आहे."

"आणि तुझे वडील काही बोलले नाहीत?"

"म्हणाले, जावयाचे टाके सरळ आहेत. बाकीचं तू बघ."

बाबांनी पुन्हा चष्मा पुसला, या खेपेला बराच वेळ. "तुझ्यामुळे अब्रू राहिली गं माझी. आणि मी गिऱ्हाइकांसमोर म्हणायचो, तुला रंगातलं काय कळतं."

"म्हणायचात. मी मनातल्या मनात हसून घ्यायचे."

गणवेश वेळेवर गेले. त्याच आठवड्यात बाबांनी पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं. "वर हिचं नाव, खाली माझं."

"रंग कोणता देऊ?"

बाबांनी आईकडे बोट दाखवलं. "मालकीणबाईंना विचारा. रंगाचं खातं त्यांच्याकडे आहे."