चौदाव्या पानावरची चूक

इंगोले सरांच्या घरी पाहुण्याला चहाबरोबर दोनच बिस्किटं मिळतात. डबा भरलेला असतो, पण तिसऱ्याकडे हात गेला की सर अगदी गंभीरपणे म्हणतात, "दोनात भागतंय का, बघा आधी."

नांदेडात आम्ही शेजारी राहतो आणि एकाच कॉलेजात शिकवतो. ते गणित, मी वनस्पतिशास्त्र. सुरुवातीला मला माणूस चिक्कू वाटला. पण मग डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तीन गोळ्यांबद्दलही त्यांनी तेच विचारलं. स्नेहसंमेलनाच्या तीन समित्यांबद्दल तेच. थोरल्या लेकीच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या तीन ओळी होत्या, त्यातली एक त्यांनी गाळली. नेमकं त्यांचंच नाव त्या ओळीत होतं. शेजारी कुणी नवीन बाई राहायला आली की वहिनी तिला सांगतात, "आमाला लेकरं दोनच. त्यात सरकारचा काही संबंध न्हाई."

हे सगळं त्यांच्या संशोधनातून आलंय, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. सरांचा विषय क्रमनिरपेक्ष बीजगणित. म्हणजे ज्यात अ गुणिले ब आणि ब गुणिले अ एकच. ("आमच्या घरी तसं चालत न्हाई," वहिनी म्हणतात. "आधी आंघोळ, मग जेवण.") एकदा गच्चीच्या जिन्यात उभं राहून त्यांनी मला त्यांचा प्रश्न समजावला. भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "ही भिंत आन् वरचं छत. दोघं भेटतात तिथं एक रेघ तयार होती. बरोबर?"

"बरोबर."

"आता रेघ सरळ नसून पिळलेली असली तर? दोन पृष्ठभाग एकमेकांना छेदतात, पण सोबत एखादी नको असलेली रेघ घिऊन येतात. तिला हाकलायला लोक तिसरा पृष्ठभाग आणतात. मी म्हणतो, तिसरा कशाला? ते दोनच नीट निवडा की!"

या 'नीट निवडा की'वर त्यांनी अकरा वर्षं घातली. पिळलेल्या रेघांचा एक मोठा वर्ग त्यांनी दोनात बसवून दाखवला. पेपर परदेशातल्या नियतकालिकात आला. त्याच्या जोरावर सर प्रोफेसर झाले, आणि प्राचार्यांनी त्याचं पहिलं पान फ्रेम करून आपल्या केबिनमध्ये लावलं. कॉलेजच्या तपासणीला कुठलीही समिती आली की तिला आधी ती फ्रेम दाखवायची, मग नाश्ता.

गेल्या वर्षी या गोष्टीला बारा वर्षं झाली. त्याच वर्षी एका सकाळी सर स्टाफरूममध्ये पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. सगळ्यांना एकेक दिला.

"कशाबद्दल, सर?" मी विचारलं.

"चूक सापडली."

"कुणाची?"

"माझी. चौदाव्या पानावर."

माझा हात पेढ्यासकट तोंडाजवळच थांबला. झालं होतं असं: लातूरच्या कुणा रेणुका बिरादार नावाच्या बाईंचा मेल आला होता. चार ओळींचं गणित आणि नऊ ओळींची माफी. 'कदाचित माझ्याच समजण्यात चूक असेल' हे वाक्य त्यात तीनदा. पण बाईंनी एक अशी रेघ शोधून काढली होती, जिला चौदाव्या पानावरचा नियम लागू पडत नव्हता. सरांनी दोन दिवस तपासलं. बाईंचंच बरोबर होतं.

प्राचार्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. मीही मागोमाग गेलो.

"सर, बारा वर्षांत कुणाला कळलं न्हाई. आता कशाला उकरून काढायलाव?"

"मला कळलंय की."

"तुमच्याशिवाय कुणाला?"

"लातूरला एकीला. दोघं पुरे हायत," सर म्हणाले. मग भिंतीकडं बोट केलं. "तेवढी फ्रेम उतरवा. समितीला खोटं पान दाखवू नका."

प्राचार्यांनी फ्रेम उतरवली नाही. दुसऱ्या दिवशी सर स्वतः स्टूल घेऊन गेले आणि उतरवून आले. नियतकालिकाला त्यांनी त्याच आठवड्यात पत्र लिहिलं, की माझा अमुक नियम चुकला आहे आणि ही चूक अमुक बाईंनी दाखवली आहे. मग मला म्हणाले, "सूर्यवंशी, रविवारी लातूरला चला. त्या बाईला मेलवर उत्तर देणं बरं दिसत न्हाई. आन् मला एकट्याला अनोळखी घरी बोलायला जमत न्हाई."

घर नव्हतं, क्लास होता. डॉक्टर-इंजिनिअर व्हायला आलेल्या पोरांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही तिसऱ्या मजल्यावर पोचलो. रेणुका मॅडम पस्तिशीच्या, उदगीरकडच्या. घरच्या अडचणींमुळं त्यांनी पीएच.डी. अर्धवट सोडली होती आणि आता दिवसाला सहा बॅचना प्रवेशपरीक्षेचं गणित शिकवत होत्या. सरांनी नाव सांगितलं तशी त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"सर, तुम्ही एवढ्या लांब... मी तो मेल परत घेते. मी कोण तुमची चूक काढणारी?"

"परत कशाला घेताय? लई चांगला मेल हाय. खडू कुठं हाय?"

पुढचे दोन तास मी शेवटच्या बाकावर बसून होतो. फळ्यावर काय चाललंय ते मला कळत नव्हतं, पण आधी सर लिहीत होते आणि बाई मान हलवत होत्या, मग बाई लिहू लागल्या आणि सर मान हलवू लागले, एवढं कळलं. एकदा तर बाईंनी सरांच्या हातातून डस्टर ओढून घेतलं आणि मग स्वतःच दचकल्या. शेवटी दोघांनी मिळून ठरवलं, की काही रेघा सोडल्या तर बाकीच्यांना नियम लागू पडतो, आणि कुठल्या सोडायच्या तेही ओळखता येतं.

"हे आपण दोघांच्या नावानं छापू," सर म्हणाले. "इंग्रजी वर्णक्रमानं. म्हंजे बिरादार आधी, मग इंगोले. आन् ती पीएच.डी. पुरी करा. मी हाय."

दाराशी पुढची बॅच येऊन उभी होती. आम्ही निघालो तेव्हा त्या जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "सर, एक सांगायचं राहिलं. चूक चौदाव्या पानावर होती, पण नववं पान मी चार वेळा वाचलं. तुम्ही तिथं जी युक्ती केलीय ना, ती कळली तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. घरचे बघायला आले."

सरांनी नुसती मान डोलावली आणि भराभर जिना उतरले.

परतीच्या एसटीनं अहमदपूर गाठलं. तेव्हा मी विचारलं, "एवढी मेहनत चुकीची निघाली. वाईट वाटलं असंल?"

"वाटलं की. दोन दिस जेवण गेलं न्हाई." मग म्हणाले, "ते नववं पान मला दवाखान्याच्या व्हरांड्यात सुचलं होतं. ही आत ॲडमिट होती. राहवलं न्हाई, तिला उठवून सांगितलं. तिला काय कळणार? म्हणाली, चांगलं दिसतंय, कुणाला तरी दाखवा. आता कुणाला दाखवू? अख्ख्या जिल्ह्यात ह्या विषयाचा मी एकटा. पेपर छापला, लोकांनी सत्कार केला, फ्रेम केली. वाचला कुणीच न्हाई, सूर्यवंशी. बारा वर्षं वाटायचं, एखादा तरी नवव्या पानापतूर येईल."

मग त्यांनी फोन काढला आणि वहिनींना लावला.

"अगं, नववं पान वाचलं तिनं. हाव, चार येळा. हसली म्हणं." पलीकडून वहिनींनी काहीतरी विचारलं. "न्हाई, न्हाई, रडायलो कुठं? खिडकी उघडी हाय, वारं लागायलंय."

खिडकी बंद होती.