मुळं तपासणारे तात्या

तात्या आमच्या घराकडे येताना दिसले की मी आधी तुळशीपुढे जाऊन उभी राहायची. भक्तीनं नव्हे, राखणीला. आमच्या या शेजाऱ्यांना कुठलंही रोप दिसलं, की ते उपटून मुळं बघितल्याशिवाय चैन पडत नसे. बघून झालं की पुन्हा लावायचे, वर तांब्याभर पाणीही घालायचे. पण रोप काय ते समजून मान टाकायचं.

"मूळ पाह्य, मंग बोल," हे त्यांचं ठरलेलं. भोकरदनच्या बाजारात मेथीची जुडी उलटी धरून न्याहाळत बसायचे आणि न घेताच निघायचे. राजूरच्या गणपतीला गेले, तर देवाला वाहायच्या दुर्वा मुळासकट उपटून पुजाऱ्यालाच दाखवत बसले. पुजारी म्हणाला, "तात्या, जरा देवाकडं बी पाहा." तात्या म्हणाले, "देव कुठं पळून राह्यला? आधी हे मूळ पाह्य."

या वेडाचं कारण होतं भात. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. तात्यांचा मुलगा भंडाऱ्याकडची नोकरी सोडून, तिथलीच बायको करून गावी परतला. सून यमुना गुणाची पोर. पण तिच्या माहेरी दोन्ही वेळा भात, आणि आमच्याकडे भात सणाला नाहीतर आजाऱ्याला. तांदूळ जालन्याहून आणायचा, तो रोज कुणाला परवडणार? भाकरी तिच्या घशाखाली उतरेना. तोंडातून तक्रारीचा शब्द नाही. चतकोर खायची, वर पाणी प्यायची, आणि दिवसेंदिवस वाळत चालली. घरात सासू नाही, तात्यांची बायको कधीच वारलेली. मन मोकळं करायचं तर माझ्याकडे.

तात्यांनी नाल्याकाठच्या खोलगट तुकड्यात भात पेरला. गाव हसलं. "आता नारळ बी लावा, तात्या." पावसाच्या भरवशावरचं ते पीक पिवळं पडलं. उपटून बघितलं तर मुळांची टोकं सुजून आकड्यासारखी वाकडी झालेली, जागोजागी गाठी. तात्या ती रोपं गाठोड्यात बांधून शेतकी खात्याच्या साहेबाकडे गेले. साहेबानं भिंगातून बघितलं आणि सांगितलं, "हा सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारा किडा, मुळात शिरून गाठी करतो. कोरड्या रानात फार, साचलेल्या पाण्यात कमी."

दुसरा कुणी ऐकून गप्प बसला असता. तात्या म्हणाले, "साहेब बराबरच बोलला असंल. पण आपुन पाह्यलं पाह्यजे." पुढच्या साली त्यांनी तीन वाफे केले. एक पावसावर, एक पाणी देऊन आटू द्यायचा, एक कायम भरलेला. रोज सकाळी तिन्हींतली रोपं उपटायची, घंगाळात धुवायची आणि ओट्यावर पसरून गाठी बघायच्या. कोरड्यातली मुळं गाठींनी भरलेली, मधल्यातली जरा बरी, पाण्यातली पांढरीशुभ्र. साहेब खरा ठरला. पण तेवढ्यावर थांबले तर ते तात्या कसले! "दोन-चार रोपांनी काय कळतं?" म्हणत किड्यानं खाल्ला नसता एवढा भात या माणसानं तपासून संपवला.

तेवढ्यात यमुनेच्या वडिलांचा निरोप आला. दिवाळीला येतो, पोरीला घेऊन जातो, तब्येत सुधारल्याशिवाय परत धाडणार नाही. मी तात्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "आता सुनेच्या ताटात काय गाठी वाढता?" तात्यांचा चेहराच उतरला. त्या दिवसापासून भाताच्या रोपाला हात लावला नाही. भरलेल्या वाफ्यात जे पीक उरलं होतं, त्यात पाणी राहावं म्हणून रोज स्वतः मोट हाकली. मळ्यातली मिरची पाण्यावाचून वाळली, तिकडे ढुंकूनही बघितलं नाही.

वडील आले तेव्हा नवा तांदूळ कांडून तयार होता, पण शिजवला तर लहानसं पातेलंच भरलं. रांधायला मीच होते. रीतीप्रमाणे पहिलं ताट व्याह्यांचं. मी त्यात भात वाढला, तर तात्यांनी तो परत पातेल्यात टाकला आणि भाकरी ठेवली.

"अहो, व्याह्याला भाकरी?" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"त्याच्या घरी हाय की भात."

घरभर नव्या तांदळाचा वास, आणि व्याही बिचारे ओसरीवर पिठलं-भाकरी चावत स्वयंपाकघराकडे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तात्या दारात येऊन उभे राहिले. आमच्यात सासरा सुनेशी तोंडावर बोलत नसे. त्यांनी मान खाली घालून म्हटलं, "यमुना, बस. तुझ्यापुरताच झालाय."

ती बसली आणि शीत न् शीत वेचून जेवली. मला रडू आवरेना. वडीलही उठून दाराशी आले होते.

"आता बापासंगं जा, पोरी," तात्या म्हणाले. "बिलकुल संकोच करू नको. एवढाच व्हता. उद्यापासून परत भाकरीच हाय."

यमुना उठली. ओसरीवरच्या वडिलांच्या ताटात अर्धी भाकरी आणि थोडं पिठलं उरलं होतं, ते ताटच घेऊन परत आली. तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि आमच्या सगळ्यांच्या देखत सावकाश चावून खाल्ला. मग दुसरा मोडला.

वडील सकाळी एकटेच गेले.