टोपीखालची नेमणूक

जोडी म्हटली की त्यातला एकजण जास्तीचा असतो. तो कोण, हे त्या दोघांना कधी कळत नाही. म्हणून तिसरा माणूस पगारावर नेमावा लागतो. (हा तिसरा मात्र कधीच जास्तीचा ठरत नाही.) न्यूयॉर्कमध्ये ईस्ट नदीपलीकडे बोलपटांचा जो नवा स्टुडिओ उभा राहिला, त्यानं ही सोय पहिल्याच वर्षी करून ठेवली, याबद्दल त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे.

एब प्लॉटकिन आणि बार्नी टली ही जोडी तिथं आली ती व्हॉडव्हिलच्या रंगमंचावरून. म्हणजे गाणी, कसरती, शिकवलेली कुत्री आणि विनोदी जोड्या एकाच तिकिटात दाखवणाऱ्या मिसळ-खेळांतून. दोघांचा प्रवेश एकच. प्लॉटकिन स्टेशनवरच्या खिडकीतला बाबू, डोक्यावर काळी गोल टोपी. जाडा टली उतारू, त्याला तिकीट हवं असे, पण कुठलं ते ठाऊक नसे. ‘कुठं जायचंय?’ असं प्लॉटकिन विचारी. ‘तुम्ही असता तर कुठं गेला असता?’ असं टली म्हणे. तिथून पुढं टली बोले, धडपडे, बॅग उघडून अंथरूण घाली, आणि लोक पोट धरून हसत.

प्लॉटकिन फक्त विचारी आणि थांबे. हशा चढत असताना तो टलीकडे बघत उभा राही, चुलीवरच्या दुधापाशी उभं राहावं तसा. ऊत येऊन बसायला लागला की नेमका पुढचा प्रश्न. क्षणभर आधी विचारला तर हशात बुडे, क्षणभर नंतर विचारला तर गार पडे. जात्याची खालची तळी फिरत नाही, घरघरत नाही, तिला ओवीत कोणी घेत नाही. दाणा तिच्या अंगावर फुटतो, एवढंच.

बोलपटात निराळं होतं. मायक्रोफोन फुलदाणीत लपवलेला, कॅमेरा त्याच्या घरघरीसकट बंद खोक्यात कोंडलेला, आणि त्याच खोक्यात कॅमेरावालाही. लाल दिवा लागला की जो हसेल त्याला दाराबाहेर काढत. विनोदी चित्रपट काढण्यासाठी जी शांतता लागे, ती त्या शहरात तोवर फक्त दफनविधीला पाळली जाई, आणि तिथंही कोणी ना कोणी खाकरेच. त्या शांततेतही प्लॉटकिन थांबे. जो हशा अजून झालेला नाही तो ऐके, ओसरू देई, मग विचारी.

चित्र तयार झालं आणि हशामापन खात्याकडे गेलं. खात्याचे प्रमुख मि. एल्बर्ट हॅव्हरस्ट्रॉ. ते पूर्वी मांसाच्या कारखान्यात होते. एका बैलात हाड किती आणि कामाचा भाग किती, हे ते नुसतं बघून सांगत. अशा माणसाकडे विनोदाचं खातं सोपवण्यात स्टुडिओनं दूरदृष्टी दाखवली, हे सर्वांनीच मान्य केलं (त्यांच्या हाताखालच्यांनी तर लगेच). खात्याची माणसं न्यू जर्सीतल्या एका थिएटरात अंधारात बसली आणि कोणाच्या वाक्यावर हशा येतो ते मोजू लागली. खसखस, गडगडाट, ठसका, आणि शेजारचा हसतोय म्हणून हसणं (याला अर्धा गुण).

टली: छप्पन्न. प्लॉटकिन: शून्य.

शून्याची फेरमोजणी झाली आणि ते पुन्हा शून्यच भरलं. पहिल्या फेरीशी इतका तंतोतंत जुळणारा आकडा खात्याच्या इतिहासात दुसरा नाही. शिवाय हा गृहस्थ थांबण्यात चित्राचा एक सप्तमांश भाग खातो, असंही आढळलं. हॅव्हरस्ट्रॉसाहेबांनी शेरा मारला: हाड.

बार्नीनं ते दुपारच्या जेवणात सांगितलं. दोघं स्टुडिओच्या मागच्या पायरीवर बसले होते. राय पावात पास्त्रामीचे, म्हणजे मसाला लावून धुरावलेल्या मांसाचे काप, मध्ये आंबवलेली काकडी.

“एब, ते मला म्हणतायत, तू एकटाच कर. मी म्हटलं, एबला विचारतो.”

“मग विचार.”

“विचारलं की आत्ता.”

एब थांबला. बार्नीला हसू आलं नाही. एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. मग एब म्हणाला, “काकडी खातोयस का?” आणि उरलेली काकडी त्याच्या पावावर ठेवून उठला.

घरी ब्राँक्समध्ये त्याला करण्यासारखं काही नव्हतं. सूप झालं का, असं तो बायकोला विचारी आणि तिथंच तिच्याकडे बघत उभा राही. “उत्तर दिलंय रे बाबा,” गिटल म्हणे, “आता हल तिथून.” त्याला दुसरं काम नको होतं. बार्नीच्या समोर उभं राहायचं, एवढंच हवं होतं. आणि असल्या कामाला अर्ज कोणाकडे करायचा, हे त्या शहरात कोणालाच माहीत नव्हतं.

तिकडं टली स्वतःच विचारी आणि स्वतःच उत्तर देई. हशा दोन, त्यातला एक ठसका निघाला. खात्यानं मग तर्कशुद्ध पावलं उचलली. कर्ण्यातून प्रश्न विचारले: एक. रिकामी खिडकी ठेवली: शून्य. खिडकीत खुंटीवर प्लॉटकिनची टोपी अडकवली: तीन. खात्यात पेढे वाटायची पद्धत असती तर त्या दिवशी वाटले असते. विनोद टोपीत आहे हे शास्त्रानं सिद्ध झालं.

पण खुंटी प्रश्न विचारीना. टोपीखाली माणूस हवा असं ठरलं, आणि माणसं तपासण्यात आली. पहिला टलीला हसला. दुसरा स्वतःच विनोद करू लागला. तिसरा राजांच्या भूमिका केलेला नट होता. तो असा दरडावून विचारी की प्रेक्षकांना टलीची दया आली. चौथा वक्तशीर होता, त्यानं अख्खा प्रवेश चार मिनिटांत आटोपला आणि घरी गेला.

तेव्हा बार्नी टली हॅव्हरस्ट्रॉसाहेबांच्या खोलीत गेला आणि ही टोपी नेमकी बसेल असं एक डोकं आपल्या माहितीत आहे म्हणाला.

“त्याला विनोद करता येतो?” साहेबांनी संशयानं विचारलं.

“एकही नाही, साहेब. तुमच्याकडे आकडा आहे.”

साहेबांचं समाधान झालं. प्लॉटकिनला टोपीधारक म्हणून घेण्यात आलं, फर्निचर विभागात, टेबलांच्या खाली आणि खुंट्यांच्या वर. पडद्यावरच्या नावांत त्याचं नाव नाही, टोपीचं आहे. पहिल्या दिवशी लाल दिवा लागला. प्लॉटकिननं खिडकीतून बघितलं, समोर बार्नी बॅग घेऊन उभा. “कुठं जायचंय?” त्यानं विचारलं आणि थांबला. बार्नीचे डोळे भरून आले. तो शॉट फुकट गेला. दोष टोपीच्या पट्टीला देण्यात आला.

चित्राला साठ हशे पडले. टोपीच्या शोधाबद्दल हॅव्हरस्ट्रॉसाहेबांना बढती मिळाली, आणि इतर स्टुडिओंनी घाईघाईनं टोप्या खरेदी केल्या. प्लॉटकिन न्यू जर्सीच्या त्याच थिएटरात तिकीट काढून बसला होता. शेजारची बाई हसून हसून डोळे पुसत म्हणाली, “तो जाडा मारणार मला आज. पण त्या दुसऱ्याला कशाला ठेवलाय हो? काहीच तर करत नाही.”

“हो ना,” प्लॉटकिन म्हणाला. पण लगेच नाही, तिचं हसू ओसरल्यावर.

वाचकांना अर्थातच त्या बाईची कीव येईल. आपण सुज्ञ आहोत, आपल्याला कळलं असतं. तरीही एक करून पाहावं. ही हकीकत वाचताना कुठं कुठं हसू आलं ते मोजावं: साहेबांना काही, टलीला काही, चौथ्या वक्तशीर माणसालाही एखादं. प्लॉटकिनला किती, तेही प्रामाणिकपणे मोजावं. आकडा फारच लहान आला, तर त्याला खुशाल काढून टाकावं, आणि हकीकत पुन्हा वाचून पाहावी.