वेंकोबरावांचं कपाळ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी वेंकोबरावांचं नाव घेतो. आईवडिलांना याचं वाईट वाटत नाही. त्यांचंही उत्तर तेच आहे.

हे वेंकोबराव मी पहिल्यांदा पाहिले ते पायांकडून. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्याच्या आवारात चाकांवरचं एक नवंकोरं घर उभं होतं आणि त्याच्या खालून दोन पाय बाहेर आले होते. पायांत पांढरे स्वच्छ मोजे. बूट बाजूला जोडीनं काढून ठेवलेले, देवळाबाहेर ठेवावेत तसे. नेमणुकीचं पत्र हातात धरून मी त्या पायांशेजारी उभा राहिलो आणि जरा वाकून विचारलं, "वेंकोबराव आपणच का?"

"स्वल्प इरी," खालून उत्तर आलं.

मला कानडी येत नव्हतं. पण 'थांब' हे कुठल्याही भाषेत कळतं. मी थांबलो. पाय अधूनमधून हातभर सरकायचे आणि पुन्हा निपचित पडायचे. माणूस झोपला की गेला, अशी मला काळजी वाटू लागली. तेवढ्यात गाडीखालून आरोळी आली, "बंतु!"

बंतु म्हणजे आलं. काय आलं? थेंब आला. वेंकोबराव सरकत बाहेर आले. बंद गळ्याचा कोट, कपाळावर गंधाची तीन आडवी बोटं आणि त्या गंधाच्या मधोमध एक ओघळ. त्यांनी माझं पत्र वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि अस्सल मराठीत म्हणाले, "या शिंदे. वाईट धंद्यात आलात. इथं सगळं गळतं."

हा धंदा असा होता. सरकारचं एक पथक कोरड्या तालुक्यांत फिरून जमिनीखालचं पाणी शोधायचं. त्या पथकाला राहायला जीपमागे ओढायची घरं आमच्या कारखान्यात बनत. आत दोन पलंग, एका पलंगाखाली जस्ती पत्र्याची पाण्याची टाकी, तिच्यावर हातपंप, बेसिन, पितळी तोटी आणि मागे लहानसा संडास. ही फिरती घरं तपासून पास करायचं काम वेंकोबरावांचं. मी त्यांचा मदतनीस.

दार नीट लागतं का, चाकं फिरतात का, छपरातून पाऊस येतो का, हे सगळं ते बघत, पण पाहुण्यांच्या मुलांची चौकशी करावी तसं, वरवर. खरा जीव पाण्यात. टाकी काठोकाठ भरायची. प्रत्येक सांध्यावर टीपकागद दाबायचा. टीपकागद कोरडा निघाला तरी समाधान नाही. मग बूट काढून गाडीखाली उताणं पडायचं, डोळे मिटायचे आणि कपाळावर थेंब पडायची वाट बघायची. "टीपकागद खोटं बोलतो, शिंदे," ते म्हणत. "कपाळ बोलत नाही."

कामगारांना निकाल सांगावा लागत नसे. राव बाहेर आले की सगळे त्यांच्या गंधाकडे बघत. गंध शाबूत तर गाडी पास. गंध विस्कटलेलं तर नापास. फोरमन मुनिस्वामी त्यांचा जुना सोबती. तो सरळ तोंडावर म्हणायचा, "राव, तुमी गंध नका लावू. सगळी गाडी पास होईल."

"गंध नसलं तर थेंब पडायचा थांबतो का रे?"

"थांबत नाय. पण आमाला दिसत तर नाय!"

वेंकोबरावांचं घराणं शहाजीराजांच्या काळात इकडे आलेलं. घरची मराठी त्यांनी जपली होती, पण तिच्यात कानडी असं मुरलं होतं की कुठलं कुठे संपतं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. निराशा मात्र त्यांनी शुद्ध मराठीत जपली होती. नवी टाकी आली की तिच्यावरून हात फिरवत म्हणत, "छान आहे. किती दिवस टिकणार?" कारखान्यात कुणाचं लग्न ठरलं, पेढे आले, की पेढा खात म्हणत, "सरी, बरं. होऊ दे. पुढचं पुढे." पाण्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "पाण्याला आपल्याकडे राहायचंच नसतं. आपण फक्त त्याला उशीर करतो."

त्यांनी शिकवलेलं मी आजही विसरलेलो नाही. गाडी मुक्कामाहून परतली की टाकी पूर्ण रिकामी करायची. निजलेलं पाणी मरतं. ब्लीचिंग पावडरचं पाणी भरून एक रात्र ठेवायचं, सगळ्या तोट्यांतून सोडायचं, मग वास जाईपर्यंत चांगल्या पाण्यानं धुवायचं. पाणी भरायची रबरी नळी दुसऱ्या कशालाही वापरायची नाही. एका ड्रायव्हरनं त्या नळीनं पेट्रोल काढलं, तेव्हा वेंकोबरावांनी नळीचे तुकडे करून त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, "घरी ने. पोरांना दाखव. बापानं काय केलं ते."

मी करमाळ्याचा. वडील मोटारस्टँडवर हमाल. आमच्या घरात शिकलेला मी पहिलाच. शाळा गावची, कॉलेजात शिष्यवृत्ती. गणितं सुटायची, पण इंग्रजी बोलायला लागलो की घाम फुटायचा. सहा महिन्यांनी मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरवायला साहेबांनी बोलावलं. त्यांचा कल घरी पाठवण्याकडे दिसत होता. वेंकोबराव कोपऱ्यात उभे होते. ते म्हणाले, "साहेब, ह्याचं इंग्रजी गळतं. काम गळत नाही." आयुष्यात ते एवढं चांगलं कुणाबद्दल बोलल्याचं साहेबांना आठवत नव्हतं. मी कायम झालो.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला घरी नेलं. जयनगर तेव्हा नवं होतं. रस्ते आखलेले, घरं विरळ. मागच्या अंगणातली खोली मला दिली. दारातूनच आवाज आला, "ऊट झालं का रे? जेवला नसशील. हात धू." ही तुंगक्का, त्यांची बायको. हमालाच्या पोराला त्या सोवळ्याच्या घरात स्वतःच्या पंगतीला बसवताना तिनं नवऱ्याला विचारलं नाही आणि मलाही काही विचारलं नाही. फक्त म्हणाली, "यांच्यासारखं रडत जेवायचं नाही हं. माझ्या घरात एकच पुरे."

तुंगक्काच्या पायांतलं बळ गेलं होतं. भिंतीला धरून देवघरापर्यंत, तिथून परत पलंगावर, एवढंच तिचं जग. मूलबाळ नव्हतं. तिचा सगळा विनोद नवऱ्यावर खर्च व्हायचा. अभिषेकपात्राची गोष्ट तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितली. त्यांच्या देवघरात पिंडीवर टांगायचं तांब्याचं अभिषेकपात्र होतं, तळाला बारीक भोक असलेलं, थेंब थेंब पाणी पडावं म्हणून. एका रविवारी वेंकोबरावांनी घरातली सगळी भांडी तपासायला काढली, गळणाऱ्या भांड्यांना डाख लावला आणि त्या ओघात अभिषेकपात्राचंही भोक बुजवलं. दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार. अक्का पात्रात पाणी घालून हात जोडून बसली. थेंब पडेना.

"मला वाटलं शंकर रागावला," ती हसून हसून पदर तोंडाला लावत म्हणाली. "आणि हे मागे उभे. म्हणतात, पास झालं बघ!"

"चूक झाली ती," वेंकोबराव वर्तमानपत्रामागून म्हणाले. "उघडून देतो."

"नको! राहू दे. जगात एवढी एकच वस्तू यांनी न गळणारी केलीय. ती बघून मी हसते तरी." आणि ते पात्र तसंच राहिलं. अक्का पळीनं अभिषेक करायची.

हसणं थांबलं की ती एक गोष्ट मागायची. श्रीरंगपट्टणला कावेरीत एकदा पाय बुडवायचे. लहानपणी बापाबरोबर गेली होती, ते पाणी तिच्या पायांना अजून आठवत होतं. पण तिला बसून प्रवास होत नसे. रेल्वे नको, बस नको. सतत आडवं व्हावं लागे आणि संडास हाताशी लागे. वेंकोबराव म्हणत, "कसं जमणार? काही जमत नसतं." आणि खिडकीबाहेर बघत.

जमायची वेळ आली ती आमच्या एका मोठ्या नव्या गाडीमुळे. प्रत्येक गाडी आवारात पाण्याच्या तपासणीत उतरली की रस्त्यावर फिरवून आणायची असे. आत माणसांच्या वजनाएवढी वाळूची पोती भरून म्हैसूरच्या रस्त्यानं जायचं नि यायचं. साहेबांना अक्काचं ठाऊक होतं. ते आपणहून म्हणाले, "वेंकोबराव, पोत्यांऐवजी माणसं चालतील. वजन मिळतं ना, झालं."

त्या दिवशी वेंकोबराव सायकलवरून घरी जाताना गुणगुणत होते, हे मी मुनिस्वामीला सांगितलं तेव्हा त्यानं मला ताप आहे का बघितलं.

अक्कानं पातळ काढून ठेवलं. मला विचारलं, "त्या गाडीच्या खिडकीतून दिसतं का रे, निजून?" मी म्हटलं, दिसतं. तिनं शेजारणीला सांगितलं, "मी वाळूच्या पोत्याच्या जागी चालले आहे. पोत्याहून जरा हलकी आहे एवढंच."

तपासणीच्या दिवशी टाकी भरली. टीपकागद सगळे कोरडे. वेंकोबरावांनी बूट काढले आणि खाली गेले. इतका वेळ ते कधीच पडून राहिले नव्हते. मी मनातल्या मनात त्या टाकीला विनवत होतो.

"बंतु," खालून आवाज आला. ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले.

मुनिस्वामी धावला. "राव, एक थेंब! मी खाली बादली बांधतो. नदीवरच चाललाय ना तुमी, पाणी कमी पडतंय का?"

साहेब आले. म्हणाले, "अहो, मी सांगतो, जा."

वेंकोबरावांचं गंध मधोमध धुऊन गेलं होतं. ते म्हणाले, "दुसऱ्यांच्या गाड्या मी एका थेंबावर परत पाठवल्या. पाणी नसलेल्या मुलखात ही जाणार. माझी बायको बसायची म्हणून पास करू?"

मला त्यांचा राग आला. आयुष्यात पहिला आणि शेवटचा. टाकीचा एक सांधाच कच्चा होता. नवा पत्रा यायला हवा होता. तो आला, टाकी बदलली, तोवर पावसाळा संपला. पुन्हा तपासणी. या वेळी टाकी कोरडी, पण पाणी सोडायच्या खालच्या तोटीनं दगा दिला. पुन्हा "बंतु." रात्री अक्काला काय सांगायचं म्हणून मी जेवायलाच गेलो नाही. तिनं खिडकीतून हाक मारली. "ये रे. कावेरी कुठे पळून चालली नाही. यांनी खोटं पास केलं असतं तर मी गाडीत बसले असते का?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "बसले असते म्हण. कुणाला सांगू नकोस."

नवी तोटी बसायच्या आधीच अक्का गेली. दुपारी, झोपेतच. पातळ खुर्चीवर घडी घालून तसंच होतं.

तोटी बसली त्या दिवशी वेंकोबराव कारखान्यात आले. सुतकात ते येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. अनवाणी आले, त्यामुळे बूट काढायचे नव्हते. सरळ गाडीखाली गेले. सगळं आवार थांबलं होतं. बऱ्याच वेळानं बाहेर आले. आम्ही नेहमीच्या सवयीनं त्यांच्या कपाळाकडे बघितलं. सुतकात गंध लावत नाहीत. कपाळ मोकळं होतं. पास की नापास, कुणाला कळेना. चेहरा ओला होता, पण तो डोळ्यांखाली.

"पास," वेंकोबराव म्हणाले.

रस्त्यावरची तपासणी झाली. आत वाळूची पोती भरली. एक पलंग मुनिस्वामीनं कुणी न सांगता मोकळा ठेवला. त्या पलंगावर फडक्यात बांधलेलं अस्थींचं मडकं, आणि ते कलंडू नये म्हणून त्याच्यावर हात ठेवून खाली बसलेले वेंकोबराव. नियमाप्रमाणे वाटेत मद्दूरला थांबून त्यांनी तोटी सोडून बघितली, गाडीखाली जाऊन आले. श्रीरंगपट्टणला कावेरी पश्चिमेकडे वळते तिथे उतरलो. भटजींनी सांगितलं ते सगळं केलं. शेवटी रिकामं मडकंही पाण्यावर सोडलं. ते थोडं तरंगलं, कलंडलं, भरलं आणि बुडालं.

"गेली," वेंकोबराव म्हणाले.

पुढच्या श्रावणात सोमवारी सकाळी मला देवघरातून आवाज ऐकू आला. टप. जरा वेळानं पुन्हा टप. मी दारातून बघितलं. वेंकोबरावांनी अभिषेकपात्राचा डाख काढला होता. ते पिंडीसमोर बसले होते आणि प्रत्येक थेंबाला मान हलवत होते.

थोड्याच दिवसांनी मला पाणी शोधणाऱ्या पथकाबरोबर गाड्यांची देखभाल करायला पाठवलं. घरी मी त्यांना अण्णा म्हणायचो. तिथून मी त्यांना हे पत्र पाठवलं.

"तीर्थस्वरूप अण्णांस, साष्टांग नमस्कार.

आपली मोठी गाडी इथे माझ्याकडेच आली आहे. त्याच गाडीत बसून लिहितो आहे. इथे झाड नाही, विहिरीला पाणी नाही. टाकी तुम्ही सांगितल्याप्रमाणे धुतो. नळीला कुणाला हात लावू देत नाही. काल गाडीखाली पडून राहिलो. कपाळ कोरडं राहिलं.

तुम्ही एकटे जेवता, असं मुनिस्वामीनं लिहून कळवलं आहे. इथे एक पलंग रिकामा आहे. त्याच्या खिडकीतून निजूनही बाहेरचं दिसतं. तुम्ही यावं. गळतंय की नाही हे तरी बघायला या.

एक कळवायचं राहिलं. आज सकाळपासून बेसिनच्या तोटीचा वॉशर गेला आहे. नवा वॉशर माझ्या पेटीत आहे. पण थेंब पडतो तो आवाज अगदी आपल्या देवघरातल्यासारखा आहे. खाली तांब्या ठेवला आहे, पाणी वाया जात नाही. अक्का असत्या तर हसल्या असत्या. आजचा दिवस राहू देतो. रागावू नका. उद्या नक्की बदलतो.

आपला,
शिंदे"