लाल छत्रीच्या मागोमाग

सूनबाईने हौसेने आणलेले बूट सहलीच्या पहिल्याच दिवशी सासूबाईंना चावले. पण "कसे आहेत हो, आई?" असं तिने विचारलं तेव्हा त्या नेमक्या म्हणून बसल्या, "अगदी पिसासारखे हलके!" आता खरं सांगितलं तर सूनबाईचं तोंड उतरणार, आणि वर "मी एक नंबर मोठा घेत होते, तुम्हीच नको म्हणालात" हे ऐकून घ्यावं लागणार. त्यापेक्षा पाय गेले तरी चालतील, असं त्यांनी ठरवलं.

सहलीचा मॅनेजर तर सगळ्यांचेच पाय घेऊन जायला निघाला होता. नाश्त्याआधी किल्ला, नाश्त्यानंतर राजवाडा, जेवण धावत्या बसमध्ये. तो लाल छत्री उंच धरून सुसाट सुटायचा आणि मंडळी मेंढरांसारखी मागे. आपण कुठे आहोत हे आता कोणी विचारतही नव्हतं. छत्री थांबली की फोटो काढायचे, छत्री हलली की पळायचं.

त्या दुपारी एका थोर कवीचं घर पाहायचं होतं. तिकिटांना ही लांब रांग. मॅनेजरने छत्री सासूबाईंच्या हाती दिली. "काकू, एवढी धरा. उंच धरा हं, नाहीतर मंडळी पांगतात."

समोर एका इमारतीचं दार उघडं होतं आणि आत रिकामा, थंडगार जिना. सूनबाई दुकानाच्या काचेला नाक लावून उभी. तेवढ्यात पायरीवर बसून बूट काढावेत म्हणून सासूबाई लंगडत आत शिरल्या. छत्री खाली करायची मात्र राहून गेली.

त्या टेकणार तोच मागून गलका झाला. अख्खी सहल जिन्यात घुसली होती, आणि सूनबाई सगळ्यांच्या पुढे! "वरच्या मजल्यावर असेल, आई. चढा, चढा!"

सासूबाई मनातल्या मनात रडत चढल्या. वर एक पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यातले आजोबा कचऱ्याची पिशवी घेऊन दारातून बाहेर पडत होते.

"अरे वा! त्या काळचा वेश करून माणूसही उभा केलाय!" सहलीतले मास्तर म्हणाले आणि आजोबांना बाजूला सारून आत गेले. पाठोपाठ सगळे.

"भांडी बघा, तशीच खरकटी ठेवलीत!"

"याला म्हणतात जपणूक."

मास्तर बाथरूमसमोर हात जोडून उभे राहिले. "इथेच सुचत असणार."

आजोबा आधी बावचळले. पण त्यांच्या घरात इतकी माणसं कित्येक वर्षांत आली नव्हती. त्यांना भरूनच आलं. त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि लंगडणाऱ्या सासूबाईंना आपल्या खुर्चीत बसवून स्वतःच्या लोकरीच्या सपाता पुढे केल्या. सूनबाई बाथरूमचे फोटो काढत होती. सासूबाईंनी झटकन बूट काढून कपाटाखाली ढकलले आणि सपाता चढवल्या. त्यांना असं सुख बाळंतपण उरकल्यावरही वाटलं नव्हतं.

इतक्यात धापा टाकत मॅनेजर आला. तो ओरडणार, तोच मास्तरांनी त्याला मिठी मारली. "आजवरचं सगळ्यात उत्तम ठिकाण हो! इथे चहासुद्धा देतात!" मॅनेजरने बिनकामाची तिकिटं खिशात कोंबली आणि आजोबांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला.

घरी आल्यावर सूनबाईने विचारलंच, "बूट कुठेयत?"

"जपून ठेवलेत गं," सासूबाई म्हणाल्या. "चांगले आहेत म्हणून."

पुढच्या वर्षी शेजारीणबाई त्याच सहलीला जाऊन आल्या आणि फोटो दाखवायला बसल्या. आजोबांच्या खुर्चीभोवती आता दोरी बांधली होती. शेजारी काचेच्या पेटीत बूट.

"हे कवीच्या आईचे," शेजारीणबाई म्हणाल्या.

सूनबाईने फोटो डोळ्यांजवळ नेला. सासूबाई चहा टाकायच्या निमित्ताने उठायला लागल्या.

"आई!" सूनबाई आनंदाने किंचाळली. "अगदी तुमच्यासारखाच जोड! बघा, माझी निवड! तुमचा आता कपाटातून काढूच नका, मोलाचा आहे. रोजच्यासाठी मी उद्या दुसरा आणते. अगदी त्याच मापाचा!"